जीवाश्म माशाची नवी प्रजाती सांगाड्यावरून कशी ओळखावी? कोल्हापुरातील नवख्या अभ्यासकांसाठी

दगडात माशाचा सांगाडा दिसतो आहे, ओळखीच्या कोणत्याच माशाशी तो जुळत नाही, मग ही नवी प्रजाती समजायची का, असा प्रश्न कोल्हापुरातले प्राणिशास्त्राचे आणि भूविज्ञानाचे विद्यार्थी मला नेहमी विचारतात. आपल्या ओळखीचे मासे थोडे असतात, म्हणून न जुळणे ही केवळ सुरुवात आहे. ज्ञात प्रजाती एकेक करून बाजूला सारल्यानंतर आणि दिसणाऱ्या फरकाची बाकीची सगळी कारणे तपासून खोडल्यानंतर जे उरते त्यालाच नवेपणा म्हणता येते, आणि ते उरेपर्यंत 'नवी' हा शब्द नोंदवहीतसुद्धा लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या कामातून मी स्वतः गेले आहे. कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर घ्यावी, हे सुरुवातीला कोणी सांगितले असते तर बराच गोंधळ टळला असता, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दगडात माशांचे सांगाडे शोधत फिरू नका. आपल्या पायाखाली आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आलेला काळा बेसाल्ट आणि पठारांवर त्याच्या झिजेतून तयार झालेला जांभा. थंड होत गेलेल्या लाव्हारसात मासा टिकत नाही. दक्षिणेला गोकाकच्या धबधब्याकडे गेलात तर तिथला वालुकाश्म गाळाचा आहे खरा, पण तो पृथ्वीवर मासे येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. महाराष्ट्रातले माशांचे जीवाश्म प्रामुख्याने पूर्वेकडे आहेत : चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे लॅमेटा थर, गडचिरोलीतल्या सिरोंचा परिसरातले त्याहून पुष्कळ जुने, ज्युरासिक काळातले कोटा थर, आणि नागपूरच्या आसपास दोन लाव्हाथरांच्या मधे अडकलेले तळ्यांचे पातळ गाळ. त्यामुळे कोल्हापुरात राहून हे काम करणाऱ्याकडे नमुना बाहेरूनच येणार : एखाद्या विद्यापीठाच्या मोहिमेतून, संग्रहालयाच्या कपाटातून किंवा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून. यात कमीपणा काही नाही, कारण ओळखण्याचे काम मुख्यतः टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि ग्रंथालयातच होते.

१. आधी जिवंत माशांचा सांगाडा हातात घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे तिथेच अडतात. दगडातल्या माशाची हाडे चेपलेली, सरकलेली आणि अर्धी झाकलेली असतात. आख्खे हाड कसे असते हे बोटांना ठाऊक नसेल, तर त्याचा तुकडा डोळ्यांना ओळखू येत नाही. मासळी बाजारातून एक रोहू, एक चिलापी, एक मरळ, एक शिंगटा आणि मिळाली तर वांब आणा. शक्यतो प्रत्येकाचे दोन नग घ्या. एकाची हाडे पूर्ण सुटी करायची आणि दुसऱ्याचा सांगाडा जोडलेलाच ठेवायचा.

मासा फार उकळू नका. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवला की मांस सैल होते, मग चिमट्याने आणि जुन्या मऊ ब्रशने ते काढत जा. डोक्याची हाडे एका बाजूने काढताना प्रत्येक हाडाला लगेच चिठ्ठी लावा आणि डावे-उजवे वेगळे ठेवा, कारण एकदा ती एका वाटीत मिसळली की नवख्याला पुन्हा लावता येत नाहीत. वरच्या जबड्याची प्रीमॅक्सिला आणि मॅक्सिला, खालच्या जबड्याची डेंटरी, कल्ल्याच्या झाकणातली ऑपर्कल आणि प्रीऑपर्कल, डोक्याच्या तळातून जाणारी पॅरास्फेनॉइड, जबड्याचा सांधा कवटीला जोडून धरणारी हायोमँडिब्युलर आणि खांद्यातली क्लीथ्रम, एवढी हाडे दोन्ही बाजूंनी पाहून ओळखता आली पाहिजेत. दगडात हाडाची आतली बाजू वर आली आहे की बाहेरची, हे आपल्या हातात नसते.

सर्वांत जास्त वेळ शेपटीला द्या. चिलापीची शेपटी कापून, सावकाश स्वच्छ करून भिंगाखाली धरा. कण्याचे शेवटचे टोक वरच्या दिशेने वळलेले दिसेल आणि त्याच्या खालच्या कडेला पंख्यासारख्या पसरलेल्या चपट्या हाडांच्या पट्ट्या दिसतील. या हायप्युरल पट्ट्या. पुच्छपराचे किरण या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसलेले असतात. टोकाकडे फाटे फुटलेले सगळे किरण मोजा आणि वर एक व खाली एक असे बिनफाट्याचे लांब किरण त्यात मिळवा, म्हणजे मुख्य किरणांची संख्या मिळते. चिलापीत ती साधारणपणे ८ अधिक ८ अशी १६ येते, तर रोहूत १० अधिक ९ अशी १९. हायप्युरल किती, त्यांपैकी कोणत्या एकमेकींना जुळल्या आहेत, त्यांच्या वर सुटी एप्युरल हाडे किती, शेवटच्या मणक्यांच्या काट्यांची लांबी कशी घटत जाते, हे सगळे चित्र काढून लिहून ठेवा. जीवाश्म माशाचे कुळ ठरवताना शेपटीइतका उपयोगी आणि इतक्या वेळा शाबूत राहणारा दुसरा भाग क्वचितच असतो.

लहान माशांसाठी प्रयोगशाळेत ॲलिझरिन रंगाने हाडे लाल आणि ॲल्शियन ब्लूने कूर्चा निळी करून, मांस पारदर्शक करून ग्लिसरीनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या किंवा आपल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात कोणी ती करत असेल तर त्यांच्याजवळ बसून शिका. पाच-सहा माशांची अशी तयारी केली की पुढच्या पायऱ्यांतला निम्मा गोंधळ संपतो.

२. साहित्य आणि कागदपत्रे

साहित्य महाग नाही. दहा पटींचे भिंग आणि बारीक टोकाचे चिमटे गुजरीत सोनारकामाची हत्यारे मिळतात तिथे चांगल्या प्रतीचे मिळतात. सुई पकडणारी पिनव्हाइस आणि कार्बाइडच्या कांडीला लावलेली धार, ही कामे उद्यमनगरातला अनुभवी टर्नर व्यवस्थित करून देतो. याखेरीज हे लागेल :

- द्विनेत्री सूक्ष्मदर्शक (विभागातला चालतो), डिजिटल व्हर्निअर, मऊ ब्रश, रबरी फुंकणी
- मॅक्रो लेन्सचा कॅमेरा, स्टँड, मिलिमीटरची मोजपट्टी, बाजूने टाकता येईल असा एलईडी दिवा
- पॅरालॉइड बी-७२ आणि ॲसिटोन, ठिसूळ हाड घट्ट करण्यासाठी
- ट्रेसिंग पेपर, शिसपेन्सिली, आणि फोटोवर मापे घेण्यासाठी इमेजजे ही मोफत संगणक प्रणाली

कागदपत्रांत नमुन्याची मूळ स्थळनोंद, तो उचलण्यासाठी जमीनमालकाची, खाणचालकाची किंवा वनखात्याची घेतलेली लेखी परवानगी, ज्या संस्थेत नमुना नोंदलेला आहे तिचे पत्र व नोंदणी क्रमांक, आणि नमुना उसना आणला असल्यास त्याचा करार, एवढे एका फाइलमध्ये हवे. ही फाइल शेवटी जमवायची ठेवू नका. लेख छापायला दिल्यावर परीक्षक यांतलेच काहीतरी विचारतात आणि तोपर्यंत ज्यांच्याकडून पत्र हवे ते बदलून गेलेले असतात.

३. नमुना कुठून आला हे पक्के करा

कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात, त्या थराच्या वर-खाली काय होते, अक्षांश-रेखांश काय, कोणी व कधी उचलला, ही माहिती नसलेला सांगाडा कितीही सुंदर असला तरी नव्या प्रजातीचा आधार म्हणून कुचकामी आहे. माशाचे वय थरावरून ठरते, आणि कोणत्या प्रजातींशी तुलना करायची हे वयावरून ठरते. पातळ थरांचा दगड फुटताना मासा बहुधा दोन फळ्यांत विभागला जातो. एका फळीवर हाडे राहतात आणि समोरच्या फळीवर त्यांचा ठसा व उरलेली हाडे. दोन्ही फळ्या जपा आणि दोघींना एकच क्रमांक द्या. ठशाकडची बाजू अनेकदा जास्त बोलकी असते, कारण दातांचे आणि खवल्यांचे बारीक नक्षीकाम तिथे स्वच्छ उमटलेले असते.

विकत घेतलेल्या नमुन्यांपासून सावध राहा. प्रदर्शनांत आणि ऑनलाइन मिळणारे बरेचसे मासे अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर थरांतले नाइटिया असतात. हा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, विपुल आणि पूर्ण ज्ञात आहे. त्यांतल्या काहींत तुटलेले पर रंगवलेले असतात, काहींत दोन माशांचे भाग जोडलेले असतात. नमुना अतिनील दिव्याखाली धरला तर रंग आणि चिकटवण मूळ हाडापेक्षा बहुधा वेगळी उजळतात. ब्राझीलने तर १९४२ पासून आपल्या देशातले जीवाश्म ही सरकारी मालमत्ता ठरवली आहे, त्यामुळे तिथला मासा बाजारात दिसला तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

४. सफाई : जेवढी लागेल तेवढीच

सुईचे काम सूक्ष्मदर्शकाखाली, हाडापासून दूर जाणाऱ्या दिशेने करा. दगडाचा कण हाडावरून खरवडायचा नसतो. हाडाच्या कडेला बारीक भेग पाडून तो उचलायचा असतो. ठिसूळ जागी आधी पातळ पॅरालॉइडचा थेंब सोडा. ते ॲसिटोनने पुन्हा काढता येते, म्हणून संग्रहालये तेच वापरतात. झटपट चिकटणारे डिंक मात्र कायमचे बसतात आणि हाडाचा पृष्ठभाग झाकून टाकतात. सफाईच्या प्रत्येक टप्प्याआधी फोटो घ्या, म्हणजे कोणती कड निसर्गाची आणि कोणती सुईची याचा पुरावा राहतो.

चुनखडीतल्या माशासाठी सौम्य ॲसिटिक आम्लाची पद्धत १९४० च्या दशकापासून रूढ आहे, परंतु तिच्यात हाड विरघळू नये म्हणून कॅल्शियम फॉस्फेट मिसळावे लागते, आम्लातून काढल्यावर नमुना दीर्घकाळ पाण्यात धुवावा लागतो, आणि दगड चिकणमातीचा असेल तर तो फुगून हाडांसकट फुटतो. जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय, घरच्या व्हिनेगरने तर नाहीच, हा प्रयोग करू नका.

५. आधी चित्र, मग मोजमाप

कॅमेरा सगळे दाखवतो, पण काय पाहिले हे फक्त चित्रात उतरते. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून, शेजारी सूक्ष्मदर्शकात पाहत, प्रत्येक हाडाची कड काढा. शाबूत कड अखंड रेषेने, तुटलेली कड तुटक रेषेने, ठसा फक्त ठिपक्यांनी. दिवा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, अगदी आडवा टाका, कारण एका प्रकाशात सपाट दिसणारी जागा दुसऱ्या प्रकाशात दोन हाडांची शीव निघते. शंका असलेल्या हाडावर प्रश्नचिन्ह टाका आणि ते छापील आकृतीतही राहू द्या. वाचणाऱ्या तज्ज्ञाला त्याने तुमच्याबद्दल विश्वासच वाटतो.

मोजण्यात सर्वांत जास्त घोटाळा मणक्यांत होतो, म्हणून ते सविस्तर सांगते. पहिले दोन-तीन मणके कल्ल्याच्या झाकणाखाली दडलेले असतात आणि नवखा अभ्यासक झाकणाच्या मागून मोजायला सुरुवात करतो. झाकणाचे हाड तुटले असेल तर फटीतून पाहा, नसेल तर एक्स-रे काढा. तोही शक्य नसेल तर 'किमान इतके' असेच लिहा. पोटाचे मणके कुठे संपतात आणि शेपटीचे कुठे सुरू होतात हे बरगड्या पाहून ठरवू नका. ज्या मणक्याला खालच्या बाजूने पहिला पूर्ण एकसंध काटा आहे, तिथून शेपटी धरली जाते. आणि शेवटचा, वर वळलेला अर्धा मणका तुम्ही धरला की सोडला, हे वाक्यात स्पष्ट लिहा. एका लेखकाने धरला आणि दुसऱ्याने सोडला, एवढ्यावरून दोन प्रजातींत एका मणक्याचा 'फरक' छापला जाऊ शकतो.

परांचे काटे आणि मऊ किरण वेगवेगळे मोजा. प्रत्येक किरणाखाली देहात रुतलेले आधाराचे हाड असते. किरण गळून गेले तरी ही हाडे बहुधा राहतात, आणि पहिले आधारहाड कोणत्या दोन मणक्यांच्या काट्यांमधे शिरते ही नोंद प्रजाती वेगळ्या करताना फार कामाला येते. लांबी मोजताना पुच्छपर धरायचा नसतो. तोंडाच्या टोकापासून हायप्युरल पट्ट्यांच्या मागच्या कडेपर्यंत जी प्रमाण लांबी येते, तिच्या टक्केवारीत डोके, देहाची उंची, परांची सुरुवात ही सर्व मापे द्या.

६. वरून खाली ओळखत या

थेट प्रजाती शोधू नका. आधी मोठा गट, मग कुळ, मग जीनस, असे उतरत या.

पहिला प्रश्न खवल्यांचा. जाड, चकाकणारे, चौकटी आकाराचे खवले असतील तर तुम्ही जुन्या वंशशाखांत आहात. सिरोंचाकडचे लेपिडोटस असे होते, आणि डोंगरगावच्या थरांत सापडणारे 'गार' नावाच्या माशाचे खवलेही असेच. पातळ, गोल, वाढवलयांचे खवले असतील तर आजच्या बहुतेक माशांच्या मोठ्या गटात या. मग कवटीमागचे पहिले काही मणके पाहा. ते बदलून एकमेकांत गुंतलेले असतील तर रोहू आणि शिंगटा ज्या गटात येतात तो गट. पृष्ठपराच्या आणि गुदपराच्या पुढच्या भागात खरे कडक काटे असतील आणि पोटाचे पर छातीच्या परांखाली सरकलेले असतील तर चिलापीच्या बाजूचा मोठा गट. पोटाच्या कडेला टोकदार, कडक खवल्यांची रांग असेल तर तारलीच्या नातेवाइकांकडे पाहा. डोक्याच्या तळातल्या पॅरास्फेनॉइडवर मोठे दात असतील आणि त्यांच्यासमोर जिभेच्या हाडावरही दात असतील तर ऑस्टिओग्लॉसम (आजच्या अरोवाना माशांच्या) गटाचा विचार करा.

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. सर्वच सारखेपणा नात्याचा पुरावा नसतो. पुच्छपरात १९ मुख्य किरण असणे ही फार जुनी अवस्था आहे आणि ती अनेक दूरच्या गटांत तशीच टिकून राहिली आहे. म्हणून '१९ किरण आहेत, काटे नाहीत, तेव्हा हा रोहूच्या कुळातला' असा निष्कर्ष चुकीचा ठरतो. नाते दाखवते ते त्या गटातच नव्याने आलेले लक्षण, उदाहरणार्थ कवटीमागचे ते बदललेले मणके. शक्य असेल तेव्हा लक्षणांचा तक्ता करून टीएनटीसारख्या प्रणालीत तो वंशवृक्षात बसवून पाहा. मात्र ज्या खान्यात हाड दिसत नाही तिथे प्रश्नचिन्हच टाका, अंदाजाचा आकडा टाकू नका.

७. आधीच्या प्रजाती शोधा

कुळ आणि जीनस ठरले की त्या जीनसमधल्या प्रत्येक नामांकित प्रजातीचे मूळ वर्णन वाचायचे, मग ते कितीही जुने असो. लेपिडोटस डेक्कनेन्सिस हे नाव १८५१ सालचे आहे आणि डोंगरगावच्या माशांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली प्रसिद्ध केले. आजही त्या थरांतल्या माशांवर काम करणाऱ्याला ही पाने उलटावीच लागतात. जुनी पुस्तके बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि नियतकालिके विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातून मागवता येतील का हे तिथल्या ग्रंथपालांना विचारा.

जुन्या वर्णनांत अनेकदा एखाद्या सुट्या खवल्यावर किंवा दातावर आख्खी प्रजाती उभी केलेली दिसते. अशा नावाशी तुमचा पूर्ण सांगाडा जुळतो की नाही, हे कधीच ठरवता येत नाही. तरीही त्या नावाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मूळ नमुना काय आहे आणि तुलना का अशक्य आहे, हे लेखात एका परिच्छेदात मांडावे लागते. चित्रांवर विसंबून राहू नका. जवळच्या दोन-तीन प्रजातींचे मूळ नमुने, किंवा निदान त्यांचे नवे फोटो, संस्थेला पत्र लिहून मिळवा. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने सुंदर, सममित मासा काढला असेल तर त्यातले किती हाड आणि किती कल्पना, हे मूळ दगड पाहिल्याशिवाय कळत नाही.

८. फरक खरा आहे का?

सगळ्या कामाचा प्राण या पायरीत आहे. २०२० साली आंबोलीच्या देवळाजवळच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी प्रजाती नोंदली गेली. तीच हिरण्यकेशी नदी पुढे आपल्या आजरा-गडहिंग्लजमधून वाहते. जिवंत माशाच्या अभ्यासकाला अंगावरचे रंग दिसतात आणि डीएनए तपासता येतो. आपल्याकडे फक्त हाडे आहेत, म्हणून फरकाची उलटतपासणी आपल्याला जास्त कडकपणे करावी लागते.

वयाचा फरक : लहान माशाचे डोके आणि डोळे देहाच्या मानाने मोठे असतात. तुमचा मासा ज्ञात प्रजातीपेक्षा लहान असेल आणि फरक फक्त प्रमाणांत असेल, तर उपलब्ध सर्व नमुन्यांची प्रमाण लांबी आणि डोक्याची लांबी आलेखावर मांडा. सगळे ठिपके एकाच वाढीच्या रेषेवर बसले तर ती एकाच प्रजातीची पिल्ले आणि मोठी आहेत, असे समजावे. मणक्यांची संख्या मात्र माशाच्या आयुष्यात फार लवकर ठरते आणि वाढीबरोबर बदलत नाही, म्हणून ती प्रमाणांपेक्षा भरवशाची. तरी तिलाही मर्यादा आहे. अंडी ज्या पाण्यात वाढतात त्याच्या तापमानाप्रमाणे एकाच प्रजातीत एक-दोन मणक्यांचा फरक पडू शकतो, आणि थंड पाण्यातल्या माशांत मणके जास्त असण्याकडे कल दिसतो. एका मणक्याच्या फरकावर प्रजाती उभी करू नका.

दगडाचा फरक : दाबाखाली थर ताणले जातात आणि मासाही त्यांच्याबरोबर ताणला जातो. एकाच थरातले वेगवेगळ्या दिशांना पडलेले मासे शेजारी ठेवून पाहा. एका दिशेचे सगळे सडपातळ आणि आडव्या दिशेचे सगळे उंच दिसत असतील, तर तुम्ही दगडाचा ताण मोजत आहात. त्याच थरात मुळात गोल असलेल्या वस्तू, मणक्यांच्या चकत्या किंवा शिंपले, लंबगोल झाले आहेत का, हेही तपासा.

कुजण्याचा फरक : मेलेला मासा गाळात झाकला जाण्याआधी फुगतो, फुटतो, आणि त्याचे दात, खवले, लहान हाडे विखुरतात. म्हणून 'नाही' या लक्षणावर कधीही भिस्त ठेवू नका. खवले दिसत नाहीत आणि मासा बिनखवल्यांचा होता, ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिले तुम्ही पाहिले आहे. दुसरे म्हणायचे असेल तर अनेक उत्तम टिकलेले नमुने हवेत, आणि त्याच थरातल्या इतर माशांचे खवले शाबूत असले पाहिजेत.

नर-मादीचा फरक हाडांत क्वचित स्पष्ट दिसतो, पण परांची लांबी आणि जबड्याचा आकार काही गटांत लिंगाप्रमाणे बदलतो, त्यामुळे एकाच थरात दोन 'प्रजाती' जोडीने सापडत असतील आणि फरक एवढ्यापुरताच असेल तर थांबून विचार करावा.

इतके करून एकमेकांवर अवलंबून नसलेली तीन-चार लक्षणे उरली, म्हणजे शेपटीच्या हाडांची मांडणी, पृष्ठपराच्या पहिल्या आधारहाडाची जागा, प्रीऑपर्कलच्या कडेचा आकार, दातांची रचना अशी, आणि ती एकाहून जास्त नमुन्यांत सारखी आली, तर आता 'नवी' हा शब्द लिहा. एकाच उत्कृष्ट नमुन्यावर प्रजाती नोंदवणे नियमात बसते. मला स्वतःला ते फक्त लक्षणे फार ठळक असतील तेव्हाच योग्य वाटते. लक्षणे पुरेशी नसतील तर जीनसपर्यंत नाव देऊन प्रजाती मोकळी सोडा, किंवा जवळच्या प्रजातीच्या नावाआधी 'सीएफ.' लावून साम्य नोंदवा. असे लेखही छापले जातात आणि पुढच्या अभ्यासकाला त्यांचा पूर्ण उपयोग होतो.

९. होलोटाइप आणि त्याचे घर

ज्या एका नमुन्यावर नाव टिकून राहते तो होलोटाइप. सर्वांत देखणा नमुना निवडण्यापेक्षा, वेगळेपणाची लक्षणे ज्यात सर्वांत जास्त दिसतात तो निवडा. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेप्रमाणे १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीला लेखात होलोटाइप (किंवा सिंटाइप म्हणजे मूळ नमुन्यांचा संच) स्पष्टपणे ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात, कुठे ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे सांगावे लागते. घरचे कपाट किंवा विभागातल्या प्राध्यापकांचा ड्रॉवर ही त्याची जागा नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, लखनौची बिरबल साहनी संस्था किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था अशा, कायम देखभाल असलेल्या संस्थेशी आधीच बोलून क्रमांक मिळवा. कोल्हापूरहून पुणे जवळ पडते, आणि नमुना पुन्हा पाहायची वेळ येतेच.

१०. नाव आणि प्रसिद्धी

नाव लॅटिन पद्धतीचे हवे आणि ते जीनसच्या लिंगाशी जुळले पाहिजे. 'इक्थिस'ने संपणारी जीनसची नावे पुल्लिंगी धरतात, त्यामुळे स्थळावरून नाव देताना शेवटी 'एन्सिस' येते. नपुंसकलिंगी जीनस असेल तर 'एन्से'. व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव असेल तर पुरुषासाठी 'आय' आणि स्त्रीसाठी 'ई' असा प्रत्यय रूढ आहे. मासा चंद्रपूरच्या थरातला असताना कोल्हापूरच्या प्रेमापोटी त्याला 'कोल्हापुरेन्सिस' म्हणू नका. नियम आड येत नाही, पण पुढची शंभर वर्षे वाचक त्याचे स्थळ चुकीचे समजत राहतील. तेच नाव त्या जीनसमध्ये आधी कुणी वापरलेले नाही ना, हे जिवंत आणि जीवाश्म अशा दोन्ही प्रजातींत तपासा.

लेखात ही प्रजाती नवी आहे असे स्पष्ट शब्दांत लिहिणे आणि इतरांपासून ती वेगळी कशी हे शब्दांत मांडणे बंधनकारक आहे. नुसत्या आकृतीने भागत नाही. निदान आणि वर्णन हे दोन वेगळे भाग ठेवा. निदानात फक्त वेगळेपण दाखवणारी लक्षणे, थोडक्यात. वर्णनात दिसलेले सर्व काही. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात लेख देत असाल तर संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे तो प्रसिद्धीपूर्वी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावा लागतो आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच छापावा लागतो. संपादकाने हे केले असेल असे गृहीत धरू नका, स्वतः विचारा.

प्रबंधात किंवा परिषदेच्या सारांशात नवे नाव लिहू नका. तिथे ते संहितेच्या अर्थाने प्रसिद्ध ठरत नाही, मात्र इतरांच्या तोंडी बसते आणि गोंधळ होतो. 'क्ष प्रजाती' असे तात्पुरते लिहिणे पुरते. वर्तमानपत्राला बातमी द्यायची असेल तर ती लेख छापून आल्यानंतरच्या दिवशी द्या, आणि त्याच दिवशी लेखाची एक प्रत नमुना जपणाऱ्या संस्थेला पाठवा, म्हणजे नोंदवहीत त्या क्रमांकापुढे होलोटाइप असा शेरा लागतो आणि त्या फळ्या नव्या पेटीत, नव्या चिठ्ठीसह ठेवल्या जातात.